चेरीतली अळी: युरोपीय चेरीमाशीला आवर घालण्याची रीत

बोर फोडले, आत अळी निघाली, ते टाकून दुसरे फोडले, हा अनुभव महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांच्या गाठीशी असतो. बोरात अंडी घालणारी ती माशी म्हणजे कार्पोमिया वेसुवियाना. जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया किंवा इटलीत पिकलेली चेरी फोडल्यावर बीला लगटून बसलेली जी पांढरट अळी दिसते, ती याच माशीच्या नात्यातल्या दुसऱ्या एका माशीची असते. तिचे शास्त्रीय नाव ऱ्हागोलेटिस सेरासी. लिनियसने १७५८ साली तिला शास्त्रीय नाव दिले, म्हणजे युरोपातल्या बागाईतदारांशी तिचे वैर जुने आहे. चेरीच्या झाडांबरोबरच कुंपणाला लावलेल्या हनिसकलच्या झुडपांच्या लाल फळांतही ती वाढते, आणि घरच्या बागेत तिचा बंदोबस्त फसतो तो पुष्कळदा या झुडपांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

हा लेख मुख्यतः मध्य युरोपात स्थायिक झालेल्या आणि हौसेने बाग करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. जर्मनीत ‘क्लाइनगार्टन’ म्हणून जो चारशे चौरस मीटरपर्यंतचा तुकडा भाड्याने मिळतो, त्यात चेरीचे झाड सहसा आपण लावलेले नसते. ते आधीच उभे असते, त्याची जात कोणाला ठाऊक नसते आणि ते इतके उंच वाढलेले असते की निम्मी फळे पक्ष्यांनाच सोडावी लागतात. अशा झाडावर काहीच उपाय केला नाही, तर उशिरा पिकणाऱ्या जातीची जवळजवळ सगळी फळे किडलेली निघू शकतात.

आधी माशीचे वर्ष समजून घ्यावे

या माशीची वर्षाला एकच पिढी होते. आपल्याकडच्या आंब्यावरच्या फळमाशीप्रमाणे ती एकामागून एक पिढ्या काढत नाही. तिचे वर्ष सुरू होते ते जमिनीखाली, दोन ते पाच सेंटिमीटर खोलीवर, गव्हाच्या दाण्याहूनही लहान अशा पिवळसर कोषात. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैपर्यंत, जशी माती तापेल तशा, माश्या कोषातून बाहेर पडतात. बाहेर पडताच त्या अंडी घालू लागत नाहीत. साधारण आठवडा-दहा दिवस त्या पानांवरचा माव्याचा गोड चिकटा, पक्ष्यांची विष्ठा, फुटलेल्या फळांचा रस असे मिळेल ते खातात आणि मगच त्यांच्या पोटातली अंडी परिपक्व होतात.

हवेचे तापमान १६ अंशांच्या वर असेल तेव्हाच मादी अंडी घालते. पाऊस आणि गारठा राहिला तर ते काम खोळंबते, म्हणून थंड जून महिना चेरीवाल्याला थोडा दिलासा देणारा असतो. हिरवे कच्चे फळ तिला चालत नाही. हिरव्याचे पिवळसर होऊ लागलेले फळ तिला हवे असते. सालीखाली एक अंडे घातले की ती अंडनलिका फळावरून फिरवत एक रासायनिक खूण सोडते, जेणेकरून दुसरी मादी त्या फळाला शिवत नाही. एका फळात बहुधा एकच अळी सापडते ती यामुळे. बागेत एक मादी सरासरी पन्नास ते ऐंशी अंडी घालते.

अंड्यातून निघालेली अळी गर खात बीपर्यंत पोहोचते, तीन-चार आठवड्यांत पूर्ण वाढते, फळाला भोक पाडून खाली पडते आणि काही तासांच्या आत मातीत शिरून कोष करते. त्यानंतर पुढच्या मेपर्यंत ती तिथेच. त्यातही काही कोष पुढच्या वर्षी उघडत नाहीत. ते दोन, क्वचित तीन हिवाळे मातीतच काढतात. उड्डाण, मीलन आणि अंडी हा सगळा खटाटोप जेमतेम दोन महिन्यांत आटोपतो, आणि उरलेले दहा महिने ही माशी झाडाखालच्या मातीत असते. आपण मात्र वर फांद्यांकडे बघत राहतो. पुढचे बहुतेक उपाय जमिनीकडे पाहायला लावणारे आहेत ते याच कारणाने.

पहिली पायरी: अळी नेमकी कोणाची, हे ठरवणे

चेरीत अळी दिसली म्हणजे ती याच माशीची, असे धरून चालू नये. २००८ नंतर युरोपात पसरलेली ठिपक्याच्या पंखांची ड्रोसोफिला सुझुकी ही आशियाई माशीही चेरीत अंडी घालते, शिवाय रासबेरी, ब्लॅकबेरी, ब्लूबेरी यांनाही ती सोडत नाही. या दोघींचे उपाय वेगळे आहेत, कारण ड्रोसोफिलाच्या एका मोसमात अनेक पिढ्या होतात आणि तिच्या अळ्या पुष्कळदा फळातच कोष करतात.

फळ फोडून पाहावे. एकच, सुमारे पाच-सहा मिलिमीटर लांब, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला बोथट अशी पांढरी अळी बीजवळ असेल आणि फळ देठापाशी मऊ, किंचित तपकिरी पडले असेल, तर ती चेरीमाशी समजावी. एका फळात तीन-चार बारीक अळ्या असतील आणि फळ लवकर गळून पाणचट झाले असेल, तर संशय ड्रोसोफिलावर घ्यावा. माशी हाती लागली तर प्रश्नच उरत नाही. चेरीमाशी साडेतीन ते पाच मिलिमीटर लांब, काळी चकचकीत असते, तिच्या पाठीवर पंखांच्या मुळाशी ठळक पिवळा ठिपका असतो, डोळे हिरवट चमकतात आणि पारदर्शक पंखांवर आडवे काळसर पट्टे असतात. ड्रोसोफिला तिच्याहून बरीच लहान, दोन-तीन मिलिमीटरची, पिवळट तपकिरी आणि लाल डोळ्यांची असते. पंखाच्या टोकाशी काळा ठिपका असतो तो फक्त नराच्या.

आंबट चेरीच्या झाडावर जुलैत उशिरा माश्या दिसल्या, तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. उत्तर अमेरिकेतून आलेली ऱ्हागोलेटिस सिंग्युलाटा ही बहीण १९८०च्या दशकापासून युरोपात आहे. ती काही आठवडे उशिरा निघते आणि तिला आंबट चेरी अधिक आवडते. उपाय तेच, फक्त मुदत लांबते.

घरात किती फळे किडली आहेत याचा अंदाज घ्यायचा असेल तर झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून आणि चारही बाजूंनी शंभर फळे काढावीत, हलकेच कुस्करावीत आणि मिठाच्या संपृक्त पाण्यात, म्हणजे लिटरभर पाण्याला साधारण ३५० ग्रॅम मीठ या प्रमाणात, टाकून ठेवावीत. गर खाली राहतो आणि अळ्या वर तरंगतात, त्या मोजाव्यात. बाजारात खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या चेरीत शंभरात दोनपेक्षा अधिक किडकी फळे खपवून घेतली जात नाहीत. घरच्या बागेला इतका कडक नियम लावण्याचे कारण नाही, पण दहाच्या वर आकडा गेला तर पुढच्या वर्षी पुढील सगळ्या पायऱ्या कराव्यात, एखाददुसरी करून भागणार नाही.

दुसरी पायरी: कुंपण तपासणे

जर्मन भाषेत हनिसकलच्या या झुडपांना ‘हेकेनकिर्शे’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कुंपणाची चेरी. माशीला हे नाव कोणी सांगितले नसले तरी तिचे मत तेच आहे. युरोपातली मूळची लोनिसेरा झायलॉस्टियम आणि शोभेसाठी लावली जाणारी लोनिसेरा टाटारिका या दोन झुडपांच्या फळांत ती वाढते. दोन्हींची फळे लाल किंवा नारिंगी, वाटाण्याएवढी आणि जोडीने लागतात, त्यामुळे ओळखायला अवघड जात नाहीत. ही फळे माणसाने खाण्याजोगी नसतात, त्यांनी पोट बिघडते. लहान मुलांना चेरी आणि यांतला फरक आधी दाखवून ठेवावा.

जुलैमध्ये या झुडपांची वीस-पंचवीस फळे फोडून पाहावीत. अळ्या नसतील तर झुडपाला हात लावू नये. अळ्या असतील आणि झुडूप चेरीपासून चार-सहा मीटरच्या आत असेल, तर फळे पिकण्याआधी ती खुडून टाकणे किंवा फुले गळताच फळधारी फांद्या हलक्या छाटणे, एवढे पुरते. झुडूप मुळासकट काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. हे झुडूप तिथले स्थानिक आहे, पक्षी आणि कीटक त्यावर जगतात. शिवाय जर्मनीत १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात कुंपणाची झुडपे तोडण्यावर निसर्गरक्षण कायद्याने बंधन आहे; त्या काळात वाढ आटोक्यात ठेवणारी हलकी छाटणी तेवढी चालते.

टोरांटोच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांसाठी ही पायरी अधिक महत्त्वाची आहे. ही माशी उत्तर अमेरिकेत प्रथम सापडली ती २०१६ साली ओंटारिओतील मिसिसागा येथे, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या नायगारा काउंटीत. तिथे टाटारिका हनिसकल रानोमाळ पसरलेले आहे आणि चेरी नसली तरी माशीला आसरा मिळतो. तिकडे या माशीचा प्रसार रोखण्यासाठी सरकारी नियम असल्याने, संशयास्पद फळे एका भागातून दुसऱ्या भागात नेण्याआधी स्थानिक वनस्पती-आरोग्य विभागाचे नियम पाहावेत.

तिसरी पायरी: माश्या कधी निघणार, याचा हिशेब

पंचांग पाहून तारीख ठरवता येत नाही, कारण माशी मातीच्या तापमानावर चालते. संशोधकांनी त्यासाठी एक सोपा हिशेब बसवला आहे. पाच सेंटिमीटर खोलीवरच्या मातीचे दिवसाचे सरासरी तापमान घ्यावे, त्यातून ५ अंश वजा करावेत आणि १ जानेवारीपासून रोजची बाकी मिळवत जावी. उणे आले तर शून्य धरावे. ही बेरीज ४३० च्या आसपास आली की पहिल्या माश्या बाहेर पडू लागतात. उदाहरणार्थ, एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी मातीचे सरासरी तापमान १२ अंश असेल तर त्या दिवसाचे ७ अंश जमेस धरावेत.

घरी हे करायला मातीत खुपसायचा तापमापक आणि एक वही पुरते. सकाळी आणि दुपारी एकेकदा वाचून दोन्हींची सरासरी धरली तरी अंदाज दोन-चार दिवसांच्या फरकाने बरोबर येतो. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांनी झाडाकडे पाहावे. फळे हिरवी असतानाच तयारी पूर्ण झाली पाहिजे आणि पहिले फळ पिवळसर दिसले तर उशीर झाला आहे असे समजावे. सपाट, उबदार प्रदेशात ही वेळ मेच्या मध्याला येते, तर डोंगराळ भागात ती जूनपर्यंत लांबते. एकाच झाडाखालीसुद्धा उन्हाकडची माती आधी तापते आणि दाट सावलीतली मागून, म्हणून माश्या एकदम न निघता कित्येक आठवडे निघत राहतात.

चौथी पायरी: जमिनीवर जाळी

माझ्या मते घरच्या बागेत सगळ्यांत कामाचा उपाय हाच आहे, आणि सगळ्यांत कमी केला जाणाराही हाच. माशी मातीतून बाहेर येते; तिला वर येऊच दिले नाही तर झाडावर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सेंद्रिय शेतीच्या संशोधकांनी चेरीच्या बागांत झाडाखालची जमीन बारीक जाळीने झाकून पाहिली, तेव्हा माश्यांची वर्दळ ७७ टक्क्यांनी आणि किडक्या फळांचे प्रमाण ९१ टक्क्यांनी घटले. कारण सरळ आहे: ही माशी फार भटकी नाही. ज्या झाडाखाली निघाली त्यावर फळे असतील तर ती बहुधा तिथेच राहते.

जाळी ०.८ मिलिमीटर छिद्राची घ्यावी. भाजीपाल्यावर किडी येऊ नयेत म्हणून जी विणलेली बारीक जाळी मिळते तीच चालते. झाडाचा घेर जमिनीवर जितका पडतो त्याहून अर्धा मीटर अधिक, असे माप घ्यावे. जाळी अंथरण्याआधी गवत अगदी बुटके कापून घ्यावे, नाहीतर ते जाळी उचलून धरते आणि खाली पोकळी राहते. खोडाभोवती जाळीचा काप घेऊन दोन्ही कडा एकमेकींवर चढवाव्यात आणि दोरीने खोडाला घट्ट बांधाव्यात. बाहेरचे काठ नुसते विटांनी दाबून भागत नाही; माश्या जाळीखालून चालत चालत काठ गाठतात आणि फट शोधतात. काठ मातीत दहा सेंटिमीटर पुरावेत. हे काम फुले गळल्यावर, पण वरच्या हिशेबातली बेरीज ४३० ला पोहोचण्याच्या आठवडाभर तरी आधी उरकावे आणि काढणी संपेपर्यंत जाळी हलवू नये.

कोष दोन-तीन वर्षे मातीत टिकतात हे आधी सांगितले आहेच, म्हणून एका वर्षाच्या यशाने जाळी गुंडाळून ठेवू नये. ती सलग तीन वसंतांत अंथरावी. माती खणून कोष उघडे पाडण्याचा सल्लाही ऐकू येतो. चेरीची मुळे उथळ असतात आणि कुदळीने त्यांची इजा अधिक होते, कोषांची कमी, असे माझे मत आहे. कोंबड्या मात्र हे काम छान करतात, खाली पडलेल्या अळ्या आणि वरवरचे कोष त्या वेचून खातात. भाड्याच्या बागेत कोंबड्या पाळायची परवानगी आहे का, हे तेवढे बाग भाड्याने देणाऱ्या मंडळाच्या नियमात पाहून घ्यावे.

पाचवी पायरी: पिवळे सापळे, आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी

कोकणात आंब्याच्या बागेत टांगला जाणारा रक्षक सापळा अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने फळमाशीचे नर ओढले जातात. सुट्टीवर गेलेले काही उत्साही लोक ते आमिष सामानातून इकडे आणतात, ते व्यर्थ आहे. चेरीमाशीला मिथाइल युजेनॉलचे आकर्षण नाही. ती रंगाला भुलते, आणि तोही उजळ पिवळा. म्हणून तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकट असलेले पिवळे फलक वापरतात. दोन फलक एकमेकांत काटकोनात अडकवलेला सापळा चारही दिशांनी दिसतो, म्हणून तो अधिक चांगला. अमोनिया सोडणारे आमिष जोडले तर पकड वाढते, कारण अंडी तयार होण्यासाठी माशीला प्रथिनयुक्त खाद्याची ओढ असते आणि अमोनियाचा वास तिला तेच सुचवतो.

फलक झाडाच्या दक्षिणेकडच्या, उन्हाच्या बाजूला, वरच्या निम्म्या भागात, बाहेरच्या फांद्यांवर टांगावेत आणि भोवतालची पाने थोडी बाजूला करावीत. सावलीत, खोडाजवळ, हाताला सोयीचे म्हणून खाली टांगलेले सापळे रिकामेच राहतात. झाडाच्या उंचीच्या दर मीटरला एक सापळा, हे प्रमाण धरावे. लहान झाडाला दोन-तीन आणि मोठ्याला आठ-दहा लागतात.

आता खरे सांगायचे तर सापळे हे प्रामुख्याने माशी आली की नाही हे कळण्याचे साधन आहे. एखाद-दुसरे झाड असलेल्या, फार न किडलेल्या बागेत ते नुकसान थोडेफार कमी करतात, पण ज्या झाडाची निम्मी फळे दरवर्षी किडतात त्याला नुसत्या फलकांनी वाचवता येत नाही. शिवाय पिवळ्या फलकाला चेरीमाशीच चिकटते असे नाही. मधमाश्या, फुलमाश्या आणि कधी लहान पक्षीही अडकतात. म्हणून फलकाभोवती मोठ्या छिद्रांच्या तारेचा पिंजरा करावा, चेरी फुलावर असताना फलक मुळीच लावू नयेत आणि फळे काढून झाली की लगेच उतरवावेत. मोसम संपल्यावर महिनोन्महिने फांदीला लोंबकळणारे फलक हे माझ्या डोळ्यांना खुपणारे दृश्य आहे.

सहावी पायरी: झाड झाकणे

बुटक्या खुंटावर कलम केलेले, तीन मीटरच्या आतले झाड असेल तर ते पूर्णच जाळीत घालता येते. चेरीमाशीसाठी १.३ मिलिमीटरची जाळी पुरते, पण ड्रोसोफिलाही त्रास देत असेल तर ०.८ मिलिमीटरचीच घ्यावी. मधमाश्यांशिवाय फळ धरत नाही, म्हणून जाळी फुले गळल्यानंतरच चढवावी, आणि फळे पिवळी होण्याच्या आधी. जाळीचा खालचा काठ खोडाला बांधून बंद करावा. तो जमिनीपर्यंत सोडला आणि खालची माती झाकली नाही, तर मातीतून निघालेल्या माश्या जाळीच्या आतच निघतात आणि आपणच त्यांना पक्ष्यांपासून सुरक्षित असा पिंजरा करून दिल्यासारखे होते. ही चूक मी स्वतः एकदा केली आहे, आणि त्या वर्षी शेजारच्या उघड्या झाडापेक्षा माझ्या झाकलेल्या झाडाची फळे अधिक किडली होती.

सातवी पायरी: एकही फळ मागे न ठेवणारी काढणी

पुढच्या वर्षीच्या माश्या यंदा न काढलेल्या फळांतून तयार होतात. म्हणून फळे पिकल्याबरोबर, शक्यतो थोडी आधीच, एका आठवड्याच्या आत सगळी उतरवावीत. लवकर काढलेल्या फळातली अळी लहान असते आणि जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच फळाबरोबर आपल्या हाती लागते. शेंड्याची फळे पक्ष्यांसाठी सोडण्याची उदार पद्धत या बाबतीत महागात पडते. हात पोहोचत नसेल तर लांब दांडीची झेलणी वापरावी आणि हिवाळ्याऐवजी काढणीनंतर उन्हाळ्यातच शेंडा उतरवून झाड दरवर्षी थोडे थोडे बुटके करत न्यावे.

गळलेली फळे दर दोन दिवसांनी वेचावीत. खाली जाळी असेल तर हे काम सोपे होते. वेचलेली फळे घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नयेत, कारण तिथे अळीला मातीचीच सोय मिळते. ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावीत किंवा बादलीभर पाण्यात बुडवून, झाकण लावून कुजू द्यावीत आणि मग कचऱ्यात द्यावीत.

शेजारच्या बागेत कोणी न तोडलेले झाड असेल, तर तिथेही बोलावे लागते. किडक्या फळांबद्दल तक्रार घेऊन जाण्यापेक्षा काढणीला मदत करण्याची तयारी दाखवली आणि अर्धी फळे त्यांच्याच दारात ठेवली, तर सहसा नकार येत नाही.

शाकाहारी घरांत अळीचा प्रश्न नुसत्या किळसेचा नसतो. या अळीपासून माणसाला काही अपाय होत नाही, परंतु ज्यांना ती पोटात जाऊ द्यायची नाही त्यांनी फळे खाण्याआधी तासभर गार पाण्यात बुडवून ठेवावीत. बऱ्याच अळ्या बाहेर पडतात. सगळ्याच पडतील याची हमी नसते, त्यामुळे मुरंब्यासाठी प्रत्येक चेरी फोडून बी काढतानाच पाहावी, हे उत्तम.

फवारणीविषयी

कित्येक दशके युरोपात या माशीवर डायमेथोएट हे एकच हुकमी औषध मानले जाई. ते फळाच्या आत शिरून अळीला मारत असे, आणि त्याच कारणाने अवशेषांचा प्रश्न उभा राहिला. फ्रान्सने २०१६ साली त्याचा वापर बंद केला आणि ज्या देशांत ते चेरीवर वापरले जाई तिथल्या चेरीची आयातही रोखली; २०१९ मध्ये युरोपीय संघाने त्याची मान्यता पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. फळमाशीपायी आयातबंदी म्हणजे काय हे कोकणातल्या बागाईतदारांना निराळे सांगायला नको. २०१४ साली युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले ते फळमाशीमुळेच, आणि ते पुढच्या वर्षी उघडले.

व्यावसायिक सेंद्रिय बागांत आता ब्युव्हेरिया बॅसियाना या बुरशीची फवारणी करतात. बुरशीचे बीजाणू माशीच्या अंगाला चिकटून तिला आजारी पाडतात, पण त्यासाठी मोसमात आठवड्या-आठवड्याने फवारावे लागते आणि झाड शेंड्यापर्यंत भिजावे लागते. उंच जुन्या झाडावर घरगुती पंपाने ते होत नाही. घरच्या बागेसाठी कोणते औषध मंजूर आहे हे दर देशात निराळे असते आणि दरवर्षी बदलते, म्हणून विकत घेण्याआधी वेष्टणावर चेरी, चेरीमाशी आणि घरगुती बाग या तीनही गोष्टींचा उल्लेख आहे का, ते पाहावे. मातीत सोडायच्या सूक्ष्म कृमींची पाकिटेही दुकानात मिळतात. त्या कृमी मातीत शिरू पाहणाऱ्या अळीला गाठू शकतात, टणक कवचाच्या कोषाला नाही. त्यामुळे त्या वापरायच्याच झाल्या तर अळ्या गळत असताना आणि माती ओली असताना वापराव्यात. वसंतात कोषांवर शिंपडून पैसे वाया जातात.

या माशीच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया नावाच्या जिवाणूची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. दक्षिण युरोपातले नर आणि उत्तरेकडच्या माद्या यांच्या मीलनातून घातलेली बहुतेक अंडी मरतात, असे १९७०च्या दशकात लक्षात आले आणि त्याचे मूळ पुढे या जिवाणूत सापडले. परक्या प्रदेशातले नर मुद्दाम सोडून स्थानिक माश्यांची वीण रोखावी, ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तेव्हाच मांडली होती. कारखान्यात ही माशी मोठ्या संख्येने वाढवणे अवघड, वर्षाला तिची एकच पिढी, त्यामुळे बागाईतदाराच्या हाती ते तंत्र आलेले नाही.

नवे झाड लावायचे असेल तर

माशी निघेपर्यंत ज्या जातीची फळे पिकून संपतात, त्या जातीला ती गाठूच शकत नाही. जर्मनीत चेरीच्या जाती ‘चेरी-आठवड्यां’नुसार ओळखल्या जातात, पहिल्या दोन आठवड्यांत पिकणाऱ्या जाती, उदाहरणार्थ ‘बुर्ला’, बहुतेक वर्षी किडीविना सुटतात. ‘कोर्डिया’ किंवा ‘रेगिना’ यांची फळे टणक, गोड आणि टिकाऊ असतात, पण त्या उशिरा पिकतात आणि माशीच्या ऐन भरात सापडतात. त्या लावायच्याच असतील तर बुटक्या खुंटावरचे कलम घ्यावे, म्हणजे वर सांगितलेली जाळी चढवता येते. लवकरच्या जातींचा तोटाही सांगितला पाहिजे: त्यांची फळे मऊ असतात, पावसाने तडकतात आणि फुले लवकर येत असल्याने हिमकडाक्याचा धोका अधिक. तरीही एकाच झाडापुरती जागा असेल आणि उंच शिडीवर चढायची हौस नसेल, तर मी लवकरचीच जात निवडेन.

झाड शक्यतो कुंपणातल्या हनिसकलपासून दूर लावावे, आणि रोपाच्या कुंडीतली माती पाहून घ्यावी. रोपवाटिकेत फळधारी झाडाखाली ठेवलेल्या कुंडीत कोष आलेले असू शकतात. वरची पाच सेंटिमीटर माती खरवडून टाकली की ही चिंता मिटते.